आधी कंदील

शहाडला चढ म्हणावा असा एकच, मुरबाड रस्त्यावरचा उड्डाणपूल. खालून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल, वरून माळशेजच्या दिशेनं निघालेले ट्रक, आणि पहाटे पुलाच्या कडेकडेनं चालणारी आमच्यासारखी निवृत्त मंडळी. बाकी गाव सपाट. उल्हास नदीलासुद्धा इथं कुठं जायची घाई दिसत नाही. अशा ठिकाणी बसून उंचीवरच्या विरळ हवेबद्दल लिहायचं म्हणजे घाटावरच्या माणसानं भरती-ओहोटीवर बोलण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण निमित्त पुलानंच दिलं.

शेजारच्या इमारतीतले नाना पुलाच्या मध्यावर थांबतात. कठड्याला हात टेकतात. "बाई, दम लागतो हो. ऑक्सिजन कमी पडत असणार." मी पस्तीस वर्षं कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे अख्खी गल्ली मला बाईच म्हणते आणि असले प्रश्न माझ्याकडेच येतात. एकदा मी पिशवीतून ऑक्सिमीटर काढला. करोनाच्या लाटेत, २०२१च्या त्या एप्रिलमध्ये दुप्पट पैसे मोजून घेतलेला, नंतर चष्म्याच्या घराशेजारी पडून असायचा. नानांच्या बोटाला लावला. ९७. "बिघडलंय तुमचं यंत्र," नाना म्हणाले.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. आदल्याच महिन्यात तेच यंत्र मी लडाखला नेलं होतं. खारदुंगला, उंची ५,३५९ मीटर (तिथली पाटी याहून बरीच जास्त सांगते, पण पाट्यांचं काय), आणि वारा असा की डोक्यावरचा रुमाल हातानं धरून ठेवावा लागत होता. तिथं माझ्या बोटावर ८१ आकडा आला. मी त्या वेळी काय करत होते? मॅगी खात होते आणि आमच्या टूरमधल्या डोंबिवलीच्या दोघी बहिणींचे फोटो काढत होते. गुदमरल्यासारखं म्हणाल तर काही नाही. जरा हलकं वाटत होतं, उगाच हसू येत होतं, इतकंच.

म्हणजे ९७वाले नाना कठडा धरून उभे, आणि ८१वाली मी दात काढत उभी. हे त्रैराशिक काही केल्या सुटेना.

दम हा मराठीत फार कामाचा शब्द. आला फारसीतून, तिकडे त्याचा अर्थच मुळी श्वास. आपण त्याचं काय काय करून ठेवलं! आपण दम धरतो, दम देतो, दम खातो. एखाद्याच्या बोलण्यात दम नसतो. काम एका दमात उरकतो, कुणी चिलमीचा दम मारतो, कुणी बिर्याणीला दम देतो. पण दम लागतो तेव्हा शरीराला नेमकं काय लागलेलं असतं, ते शब्द सांगत नाही. नाना म्हणतात, ऑक्सिजन कमी पडतो. वर्गात मीही थोड्याफार फरकानं तेच सांगत आले. आम्ही दोघंही चुकत होतो.

संध्याकाळच्या कसारा लोकलचा लेडीज डबा आठवा. ठाण्यानंतर पाय उचलला तर परत ठेवायला जागा नाही. घाम, गजरे, भाजीच्या पिशव्या, कुणाचं तरी कोपर बरगडीत. जीव असा कासावीस होतो की आता डोंबिवली बघायला आपण असतो की नाही असं वाटावं. आणि त्या डब्यातल्या हवेत ऑक्सिजन मोजला तर तो एक टक्क्यानंही कमी झालेला नसतो. वाढलेली असते उष्णता, वाफ, आणि शंभर-दोनशे बायकांनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड. उलट खारदुंगलाला डोंगर मोकळे, आभाळ मोकळं, वारा भणाणतोय. तिथं ऑक्सिजन निम्मा, आणि जीव अगदी निवांत.

निम्मा म्हणजे कसा, तेही सांगायला हवं, कारण यात शिकलेली माणसंही घसरतात. हवेत ऑक्सिजन शहाडला सुमारे २१ टक्के. खारदुंगलाला २१ टक्के. एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. हिस्सा बदलत नाही, दाब बदलतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटरचा स्तंभ तोलून धरतो. लेहला तो पाचशेच्या जरा खाली येतो, खारदुंगलाला चारशेच्या आसपास. मूठ तीच, मुठीत येणारे दाणे निम्मे.

मग दाणे निम्मे झाल्यावर पोट ओरडत का नाही? याचं उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या स्कॉटिश माणसानं १९०५ साली प्रिस्टली या सहकाऱ्याबरोबर दिलं. हा हॉल्डेन खाणींतून फिरायचा, बंद पेट्यांत स्वतःला कोंडून घ्यायचा आणि आपलं काय होतंय ते लिहून ठेवायचा. (त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात आला आणि भुवनेश्वरला वारला, तो वेगळा विषय.) बाप हॉल्डेननं दाखवलं की श्वास किती घ्यायचा हे रोजच्या व्यवहारात ऑक्सिजन ठरवत नाही. ठरवतो कार्बन डायॉक्साइड. मेंदूच्या बुडाशी बसलेला कारकून एकच वही बघतो, कचऱ्याची. कचरा साठला की घंटा. घरात धान्य किती उरलंय, ते त्याचं खातं नाही.

धान्याकडे बघणारा एक पहारेकरी आहे, नाही असं नाही. मानेतल्या दोन मोठ्या धमन्या जिथं फुटतात तिथं तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन गाठी असतात. कोर्नेय हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञाला त्यांच्यावरच्या कामासाठी १९३८चं नोबेल मिळालं. पण हे पहारेकरी डुलकी घेणारे. रक्तातला ऑक्सिजन बराच खाली जाईपर्यंत त्यांना नीट जाग येत नाही. जाग आली की ते श्वास वाढवतात. श्वास वाढला की कार्बन डायॉक्साइड भराभर बाहेर जातो. तो गेला की खालचा कारकून वही बघून म्हणतो, कचरा तर काहीच नाही, कशाला एवढी धावपळ? आणि पहारेकऱ्याला गप्प बसवतो. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

या गप्प बसवण्यानं माणसं मेली आहेत. १५ एप्रिल १८७५ला फ्रान्समध्ये झेनिथ नावाचा फुगा तिघांना घेऊन आठ हजार मीटरच्या वर गेला. तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. बरोबर ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, नळ्या हाताशी होत्या. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञानं त्यांना आधीच पत्र लिहून कळवलं होतं की एवढा ऑक्सिजन पुरणार नाही. पत्र उशिरा पोचलं. पण दुःख त्याचं नाही. दुःख याचं की होता तो ऑक्सिजनही त्यांनी वेळेवर ओढला नाही. गरज वाटली तोवर हात उचलेनासे झाले होते. तिसांदिए एकटा जगला, बहिरा झाला, आणि त्यानं लिहून ठेवलं की वर आपल्याला त्रास काहीच होत नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता. ते वाचताना मला खारदुंगलाचं माझं हसू आठवलं. मॅगीचा घास घशाशी आला म्हणा ना. तीन वर्षांनी, १८७८ साली, पॉल बेरनं हवेच्या दाबावरचा आपला जाडजूड ग्रंथ काढला. उंचीवरच्या शरीरशास्त्राची सुरुवात तिथून धरतात.

आता माझी कबुली. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी ताटलीत पाणी घालून मेणबत्ती लावायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत मिणमिणायची, विझायची, पाणी वर चढायचं, आणि मी विजयी मुद्रेनं सांगायचे, "ऑक्सिजन संपला!" पस्तीस वर्षं, दरवर्षी चार-चार तुकड्या. संपलेला नसतो. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातल्या हवेत सोळा-सतरा टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. आणि पाणी वर चढतं ते मुख्यतः तापलेली हवा निवल्यामुळे. माणूस तेवढ्या ऑक्सिजनवर बसून वर्तमानपत्र वाचू शकतो. ज्योत माणसापेक्षा नाजूक असते, एवढंच तो प्रयोग सांगतो. माझे विद्यार्थी आज बँकांतून, पालिकेतून, कारखान्यांतून आहेत. त्यांतल्या कुणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

ज्योतीची ही गोष्ट माझ्या आजोबांना मात्र ठाऊक होती, सातवीच्या पुढे शाळा न पाहता. आजोळ मुरबाडच्या पुढे. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा तेव्हा ते आधी रहाटाच्या दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील पाण्यापर्यंत जळत राहिला तर गडी उतरणार. विझला तर त्या दिवशी काम बंद. मग कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून खालीवर हलवायचे, पाण्याच्या घागरी वरून ओतायच्या, हवा ढवळून काढायची, आणि पुन्हा कंदील. आम्ही पोरं कठड्यावर पोट टेकून बघायचो. आजोबा म्हणायचे, "वास येत नाही, आवाज येत नाही. इचारायचं कुणाला? त्यालाच इचारायचं." त्याला म्हणजे कंदिलाला. ज्योत नाजूक आहे हाच तिचा उपयोग. माणूस बेशुद्ध पडायच्या कितीतरी आधी ती पडते.

कंदिलाचं सगळंच खरं नसतं. सांडपाणी कुजून होणारा हायड्रोजन सल्फाइड त्याला कळत नाही. तो सडक्या अंड्यासारखा घाण मारतो म्हणून ओळखावा तर प्रमाण वाढलं की तो आधी नाकालाच बधिर करतो. वास थांबला म्हणून माणूस निश्चिंत होतो, तेव्हाच तो सर्वांत जास्त धोक्यात असतो. मिथेन असेल तर पेटता कंदील म्हणजे काडेपेटीच. म्हणून आता वायुमापक यंत्र वापरायचं, खाली हवा खेळवायची, माणसाला दोर बांधायचा, वर दुसरा माणूस उभा ठेवायचा, असा नियम असतो. नियम असतो. १ नोव्हेंबर २०१८ला कल्याण पूर्वेला चक्कीनाक्याजवळच्या विहिरीत साफसफाईसाठी एक माणूस उतरला. तो वर येईना म्हणून पाठोपाठ दोघं उतरले. मग अग्निशमन दलाचे दोन जवान. पाचही जण गेले, विषारी वायूनं. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं शाळेत गेले होते. पहिला एक सोडला तर बाकीचे चौघंही दुसऱ्याला वाचवायला उतरले होते. उतरताना यांतल्या कुणाचा जीव घाबरला असेल असं मला वाटत नाही. जिथं ऑक्सिजन सहा टक्क्यांच्या खाली गेलेला असतो तिथं एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, कारण फुप्फुसात पोचलेलं रक्त ऑक्सिजन घेण्याऐवजी उलटा देऊन बसतं. कार्बन डायॉक्साइड तर नेहमीसारखा बाहेर जातच असतो. घंटा वाजणार कशी?

विहिरीवरून आठवला तो लोणावळ्याचा खड्डा. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा शहाडवरून कसाऱ्याच्या घाटाला जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाटाला. त्या दुसऱ्या फाट्यावर, घाट चढून गेल्यावर, कैवल्यधाम. ते काढलं जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली. आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो. अमळनेरला शिक्षणाच्या कामात काही वर्षं घालवलेला माणूस, म्हणून मला जरा जास्त जवळचा. त्यांनी योगाला प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून बसवलं. आधी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली तपासल्या, मग लोणावळ्याला प्राणायामात आत जाणारा ऑक्सिजन आणि बाहेर पडणारा कार्बन डायॉक्साइड मोजला, आणि 'योग-मीमांसा' या त्रैमासिकात छापला. मोजमापाअंती त्यांनी मांडलं ते धाडसाचं होतं. प्राणायामाचा खरा लाभ जास्त ऑक्सिजन मिळण्यात नाही, तो दुसरीकडे शोधा.

आमच्या बागेतल्या सकाळच्या वर्गाला हे अजून पोचलेलं नाही. "भरून घ्या, ऑक्सिजन भरून घ्या," असं आमचे योगशिक्षक दर दोन मिनिटांनी सांगतात. भले गृहस्थ आहेत, फीसुद्धा घेत नाहीत, म्हणून मी बोलत नाही. पण समुद्रकाठी रक्तातलं हिमोग्लोबिन मुळातच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? जोरजोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजन नावापुरता वाढतो, कार्बन डायॉक्साइड मात्र झपाट्यानं उतरतो, त्यानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि डोकं हलकं होतं. त्या हलकेपणाला कुणी ऑक्सिजन समजतं, कुणी अध्यात्म. विहिरीत पैजेनं बुडी मारणारी पोरं आधी असंच भराभर श्वास घेतात. कचऱ्याची वही कोरी करून घेतात म्हणा. मग पाण्याखाली घंटा वाजायच्या आतच धान्य संपतं, आणि पट्टीचं पोहणारं पोरगं वर येत नाही.

खड्ड्याकडे येते. भूगर्भसमाधी लावणारे साधू पूर्वी गावोगाव फिरत. आळंदीच्या समाधीशी याचा संबंध जोडू नये. ही तिकीट नसलं तरी गर्दी जमवणारी करामत होती. १९५० साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे जगाला पटवून देणारे तेच, यांनी अडीच दिवस बंद कोठडीत राहिलेल्या एका साधूची हकिकत 'लॅन्सेट'मध्ये छापली. १९६१मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मध्ये रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून मोजलं, तर ते शरीराच्या किमान गरजेपेक्षाही कमी ऑक्सिजनवर राहत होते. आणि १९६८मध्ये लोणावळ्याचे करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांचा शोधनिबंध आला. खरोखरीचा हवाबंद खड्डा, त्यात माणसं उतरवलेली, आणि आतल्या हवेचं वेळोवेळी पृथक्करण. नुसत्या मातीच्या खड्ड्यात हवा पाझरत राहते, म्हणून हवाबंद हा शब्द महत्त्वाचा. त्यांना दिसलं ते हॉल्डेनला धरूनच होतं. माणूस आत किती वेळ टिकतो हे तो कार्बन डायॉक्साइड किती सोसतो यावर ठरत होतं.

मी कागदावर हिशेब मांडून पाहिला, सवयीनं. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर ऑक्सिजन घेतो आणि १२ लिटर कार्बन डायॉक्साइड सोडतो. खड्डा समजा सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. हवा झाली २,७०० लिटर. बारा तासांनी कार्बन डायॉक्साइड पाच टक्क्यांवर पोचतो. माणूस धापा टाकतोय, कपाळ ठणकतंय, झाकण उघडा म्हणतोय. त्या क्षणी आत ऑक्सिजन किती उरला? चौदा टक्क्यांच्या आसपास. ऑक्सिजनपुरतं बोलायचं तर तो माणूस खड्ड्यात बसून लेहला पोचला आहे, फार तर अलीकडे-पलीकडे. आणि तेवढ्याच ऑक्सिजनवर लेहच्या बाजारात आमची टूर जर्दाळूचा भाव करत होती.

लेहच्या हॉटेलात पहिल्या दोन दिवसांत हालचाल न करण्याची सक्त ताकीद होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो पैशाचा अपव्यय वाटला. "विमानाचे एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?" असं डोंबिवलीच्या थोरल्या बहिणीनं विचारलं आणि ती मठ बघून आली. दुसऱ्या रात्री डोकं फुटायची वेळ आली, सकाळपर्यंत तीन उलट्या. हे असं उशिरा येणं पुस्तकातलंच आहे. १९६२च्या युद्धात आपले जवान मैदानी भागातून थेट हिमालयाच्या उंचीवर नेले गेले, शरीराला सवयीची सवड न देता. त्यांतले कित्येक शत्रूची गोळी न लागता आजारी पडले. फुप्फुसात पाणी भरून आलेला जवान न्यूमोनियाचा समजला जाई. अमेरिकेच्या चार्ल्स ह्यूस्टननं १९६०मध्येच हा न्यूमोनिया नव्हे, उंचीचा आजार, असं लिहिलं होतं. पण आकड्यानिशी चित्र उभं केलं ते आपल्या सेनेतल्या डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी. १,९२५ जवान, उंची अकरा ते अठरा हजार फूट, आणि १९६९चा तो निबंध जगभर आजही वाचला जातो. त्रास सुरू व्हायला वर पोचल्यापासून सहा ते शहाण्णव तास लागतात, हे त्यात आहे. सहा तासांनी वाजणारी घंटा मी समजू शकते. चार दिवसांनी वाजणारी? तोवर माणूस घरी फोन करून सांगून मोकळा होतो की मला काही होत नाही.

सेना आता जवानांना थांबत थांबत वर नेते. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, पुढच्या दोन्हींवर चार-चार. या दिवसांत शरीर काय करतं, तर हिशेबाच्या वह्या बदलतं. श्वास वाढून कार्बन डायॉक्साइड उतरला की रक्त अल्कधर्मी होतं. मूत्रपिंडं दोन-चार दिवस खपून जादा क्षार लघवीवाटे काढून टाकतात, मग कारकून जरा नमतो आणि श्वास वाढू देतो. टूरवाले देतात ती डायमॉक्सची गोळी हेच काम घाईनं करवते. रक्तातल्या लाल पेशी वाढायला आठवडे लागतात. आणि कितीही थांबलं तरी एक वरची हद्द आहेच. १९६०-६१च्या हिवाळ्यात ग्रिफिथ प्यू आणि मंडळी एव्हरेस्टजवळ ५,८०० मीटरवर रुपेरी रंगाच्या एका लाकडी खोपटात महिनोन्महिने राहिली, सायकल मारत, रक्त काढत. तब्येती सुधारल्या नाहीत, वजनं घटतच गेली. त्या चमूत भारतीय सेनेचे कॅप्टन मोटवानी होते. हे आडनाव वाचून मी थबकले. शहाडचा पूल उतरून उल्हासनगरात शिरलं की दर चौथ्या दुकानावर असलं आडनाव असतं, फर्निचर नाहीतर जीन्स.

त्याहून वर जाणारे जातात. १९९८मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते, शाळेचा काही संबंध नसताना. तिथं वरचा दाब पहिल्यांदा मोजला ख्रिस पिझो या डॉक्टरनं, १९८१ साली, माथ्यावर उभं राहून. २५३ मिलिमीटर. ७६०चा तिसरा हिस्सा. २००७मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी माथ्यावरून उतरताना ८,४०० मीटरवर आपल्याच जांघेच्या धमनीतलं रक्त काढलं, शेर्पा ते घेऊन धावत खालच्या तळावर गेला, तिथल्या यंत्रानं एकाच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब १९.१ दाखवला. तो शंभराच्या जवळपास असतो. एवढ्यावर इस्पितळातला माणूस व्हेंटिलेटरवर असता. हा माणूस त्या थंडीत पँटची चेन लावत होता.

आणि २०२१चा एप्रिल आला तेव्हा हेच दृश्य शहाडच्या घराघरांत. ऑक्सिमीटरवर ७५, आणि माणूस फोनवर जावयाशी गप्पा मारतोय. डॉक्टर थक्क. विषाणूनं ग्रासलेल्या फुप्फुसातून ऑक्सिजन पुरेसा आत जात नव्हता, पण कार्बन डायॉक्साइड बाहेर पडत होता. वही साफ. म्हणून बोटावरच्या त्या चिमट्यावर आपण जीव टांगला. त्यामागचं तत्त्व मांडलं जपानच्या ताकुओ आओयागींनी, १९७४ साली. ते वारले १८ एप्रिल २०२०ला, जगभर त्यांच्या यंत्राच्या शोधात लोक दुकानं पालथी घालत असताना. कुवलयानंदांची तारीखही १८ एप्रिलच, १९६६. असे योगायोग डायरीत लिहून ठेवायची मला खोड आहे. १९ एप्रिल २०२१ला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. नकाशात जवळचा रस्ता आमच्या रुळांवरून, पण घाटातली उंचीची मर्यादा त्या टँकरना आडवी आली, म्हणून ती वसई, सुरत, भुसावळ असा लांबचा वळसा घेऊन गेली. २४ तारखेला भरलेले टँकर नाशिकला पोचले. त्या पाच दिवसांत आमच्या इमारतीतली दोन माणसं गेली.

नानांचं सांगायचं राहिलं. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, डॉक्टरांनी वजन आणि हृदयाची जुनी दुखणी यांवर बोट ठेवलं, गोळ्या बदलल्या. ऑक्सिमीटर त्यांनी माझ्याकडून मागून नेला तो परत दिलेला नाही. पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्याची बोटं मोजतात. पेपरवाल्या पोराचे ९९ आले तेव्हा त्याला म्हणाले, "पास."

मागच्या मे महिन्यात आजोळी गेले होते. विहिरीवर आता रहाट नाही, मोटर आहे. पाणी तळाला गेलेलं, आणि फुटव्हॉल गाळात रुतून बसलेला. मामेभावाचा मुलगा शर्ट काढून, दोर कमरेला गुंडाळून उतरायला तयार. मी म्हटलं, "थांब रे, आधी कंदील सोड." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कंदील म्हणजे काय ते आधी सांगा. मग त्याच्या लक्षात आलं. खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बादलीत ठेवला आणि हळूहळू खाली सोडला. पार पाण्यापर्यंत. भिंतीवरचं शेवाळ, कपारीतलं कबुतराचं घरटं, फुटव्हॉलची मान, सगळं उजळलं.

"बघ आत्या, लख्ख," तो म्हणाला आणि कठड्यावर पाय टाकला.

मी त्याचा दंड धरला. देव्हाऱ्यामागच्या डब्यात लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या असतात, त्यातली एक आणवली. बादलीत मेण ओघळवून उभी केली. दोर भावानं धरला, कारण माझा हात थरथरत होता. वाऱ्याची झुळूक नव्हती. बारा-तेरा हात ती सरळ जळत गेली. जुन्या दगडी पायऱ्या संपतात त्याच्या जरा खाली ज्योत आखूड झाली, निळी झाली, गेली. "हिसका बसला," तो म्हणाला. पुन्हा पेटवून सोडली. पुन्हा तिथंच गेली.

फुटव्हॉल अजून विहिरीतच आहे.